मावशीच्या झग्याची किनार

आमच्या गल्लीत टाचणीमावशी म्हटलं की लहान पोरही दुकान दाखवतं. ही माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण. ओठांत कायम टाचण्या धरून बोलते, त्यामुळे तिचं अर्धं बोलणं नाकातून येतं आणि उरलेलं डोळ्यांतून. धंदा शिवणकामाचा, पण नवं शिवण्यात तिला गोडी नाही. दुसऱ्याने बिघडवलेलं उसवून नीट करावं तर तिनेच. त्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. "ज्यानं शिवलं त्याला नावं ठेवू नयेत," असं ती म्हणते आणि मग तासभर त्या शिंप्याचा उद्धार करते.

बऱ्याच वर्षांपूर्वी तिचा उजवा खुबा झिजला म्हणून बदलला होता. मांडीच्या हाडात धातूची दांडी, तिच्यावर गोळा आणि गोळा फिरायला प्लॅस्टिकचं अस्तर असलेली वाटी. "आम्ही आतून अस्तर लावलेल्या बायका," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. खुबा इतका छान चालला की तपासणीला जाणं तिने केव्हाच सोडलं. दुखत नाही तर डॉक्टरचं तोंड कशाला बघायचं, हा तिचा खाक्या.

गेल्या वर्षी एक गोष्ट माझ्या नजरेत आली. खुर्चीवरून उठली की पहिली काही पावलं ती टेबलाची कड धरून टाकायची. विचारलं तर म्हणे, बसून अंग आखडलं. मी मागून निरखून पाहायचे, पण तिचा पायघोळ झगा जमिनीच्या वर अगदी सरळ रेषेत. माणूस एका बाजूला कललं की कपडा आधी चुगली करतो, हे तिनेच मला शिकवलेलं. म्हणून मी गप्प बसले.

मग एका दुपारी तिचे झगे इस्त्रीला घेतले. पहिला पसरला तर घडीच जुळेना. किनार उजव्या बाजूला वर दुमडलेली. दुसऱ्याची तीच गत, तिसऱ्याचीही तीच. बाईंचा उजवा पाय आखूड होत चालला होता, आणि बाईंनी डॉक्टर गाठायचा सोडून झगे आखूड केले होते. ही अक्कल फक्त शिंपिणीलाच सुचावी.

माझं डोकं फिरलं. झगा तिच्या नाकासमोर धरून विचारलं, "हे काय आहे?"

तिने ओठांतल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"एका बाजूनं लोळत होता."

"झगा लोळत होता की पाय वर चालला होता?"

"एकच ते," ती म्हणाली.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे लावून नीट समजावलं. अस्तर झिजलं होतं. त्या झिजेचे बारीक कण आजूबाजूला पसरून हाड पोखरलं गेलं होतं, दांडी सैल होऊन खाली रुतली होती, म्हणून पाय आखूड. आता जुनं सगळं काढायचं, पोखरलेल्या जागी दुसरं हाड भरायचं आणि जास्त लांब दांडी बसवायची. त्याआधी रक्त आणि सांध्यातलं पाणी तपासून जंतू नाहीत ना, ते बघायचं. ऑपरेशन पहिल्यापेक्षा मोठं. जंतू लागायचा, सांधा निखळायचा धोकाही जास्त.

"आणि नाहीच केलं तर?" मावशीने विचारलं.

"हाड आणखी जाईल. मग नवी दांडी धरायला जागा उरणार नाही."

"म्हणजे शिवणीला माया उरणार नाही, टाका धरायला कापडच नाही." मग तिने विचारलं, "पाय सारखे होतील?"

"प्रयत्न करीन. वचन नाही देत."

घरी येताच मावशीने कानावर हात ठेवले. "उसवलेल्या कापडाचं काय होतं ते मला नको शिकवू. कधी कधी ते हातातच येतं. मला टेबलाशी उभं राहून कापता आलं नाही, तर मी करू काय? खाटेवर पडून छत मोजू?" ती घाबरलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि मलाही रडू येईल असं वाटलं. म्हणून मी भांडले.

"जगाचं उसवून देतेस. स्वतःची पाळी आली की लगेच कापड नाजूक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्यापुढे आदळत म्हणाली, "विचार त्या बाईंना, तारीख कधीची देतात."

तपासण्यांत जंतू निघाले नाहीत. ऑपरेशन लांबलं, रक्त द्यावं लागलं, पण पार पडलं. मग वॉकर आला. पायावर पुरता भार नाही, बुटक्या खुर्चीवर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, वाकायचं तर मुळीच नाही. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीशी ती रोज भांडायची आणि ती गेली की गुपचूप तेच व्यायाम पुन्हा करायची.

पूर्ण भार टाकायची परवानगी मिळाली त्या दिवशी तिने निळा झगा घातला आणि काठी टेकत दुकानातल्या मोठ्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. किनार उजव्या बाजूला वर उचलली होती, घोटा उघडा पडला होता. एवढं सोसून शेवटी वाकडंच राहिलं म्हणायचं.

"झगा वाकडा दिसतोय," मी चाचरत म्हटलं.

"झगा वाकडाच आहे," मावशी म्हणाली. "मी सरळ आहे."

तिला वाकायची मनाई, तेव्हा मी टाके काढायची उसवणी घेऊन तिच्या पायाशी बसले. मावशीची किनार म्हणजे एकेक टाका झगडून काढावा लागतो. पण दोऱ्याचं टोक ओढलं आणि सगळा दोरा सळसळत हातात आला. नुसते कच्चे टाके. इस्त्रीच्या दिवशी रागाच्या भरात हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. आतलं कापड जसंच्या तसं, कुठेही कात्री लागलेली नाही.

"पक्के का नाही घातलेस?"

"पक्के कशाला? कधीतरी उसवायचेच होते ना."

सगळ्याच झग्यांना कच्चे टाके होते. मला तिला घट्ट मिठी मारायची होती. पण मी डोळे पुसून उठेपर्यंत काठी भिंतीला टेकवून ती कापायच्या टेबलाशी उभी होती, आणि ओठांत टाचण्या गेल्या होत्या.