कमरेखाली बधिर, वरती जागे

भूल देणाऱ्या डॉक्टरचं नाव पेशंटला आठवत नाही. पण डिचोलीच्या आमच्या हॉस्पिटलात मोडलेल्या पायासाठी सहसा पूर्ण भूल देत नाहीत, फक्त पाय बधिर करतात. माणूस जागा असतो आणि मी त्याच्या उशाशी. मग तो बोलतो! एवढ्या वर्षांत सर्जनकडे एक्स-रे साठले, माझ्याकडे ही बोलणी.

*

सर्वणची एक आजी शेतात पडून खुब्याचं हाड मोडून आली. पाठीत स्पायनलचं इंजेक्शन द्यायचं तर पेशंटला बसवावं लागतं, आणि खुबा मोडलेल्या माणसाला बसवणं म्हणजे छळच. आम्ही तिला धरलं, तशी ती किंचाळली, "गो बाय, माका हात लावू नको!"

मी थांबले. तेव्हा नवीनच शिकलेला ब्लॉक दिला, म्हणजे जांघेत इंजेक्शन देऊन आधी तिथल्या नसा बधिर केल्या. वीस मिनिटांनी आजी आमच्या आधाराने उठून बसली. पाठीत सुई घेताना हूं की चूं नाही.

मग मान वळवून म्हणाली, "ह्यां पयलां कित्याक नाय केलंस?"

तिच्याआधी ब्लॉकशिवाय बसवलेल्या सगळ्या आज्या मला आठवत होत्या.

*

खाणीवरचा एक ट्रक ड्रायव्हर, दोडामार्गचा. स्पायनल छान लागलं. वॉर्डबॉयने साफ करायला त्याचा पाय उंच धरला. ड्रायव्हर बघत राहिला. "डॉक्टर, ह्यो कोणाचो पाय?"

"तुमचाच."

तो वॉर्डबॉयला म्हणाला, "सांबाळून धर रे. त्या पायार पाच माणसां जगतत!"

*

पेडण्याची एक शिक्षिका स्कूटरवरून पडली, नडगी मोडली. "मॅडम, ऑपरेशननंतर कळ नको हं!" मी शब्द दिला. स्पायनल काही तासांत उतरतं, म्हणून जोडीला जास्त वेळ टिकणारा ब्लॉक द्यायचं ठरवलं. आमचे सर्जन शेट्ये सर नाही म्हणाले.

"नडगी सुजून आतल्या आत दाब वाढला तर पाय जातो. कळ ही त्याची पहिली खूण. तीच तू झाकलीस तर मला कळणार कसं?"

मी चिडले, पण ब्लॉक दिला नाही.

संध्याकाळी स्पायनल उतरलं आणि ती रडायला लागली. कुठलंच औषध पुरेना. "तुम्ही शब्द दिला होता!" मी तिच्या पायाची बोटं जराशी हलवली, तर जीव जात असल्यासारखी ओरडली. पोटरी दगडासारखी लागली. सरांना फोन केला. ते धावत आले, लगेच पुन्हा थिएटरमध्ये नेऊन दाब मोकळा केला. पाय वाचला.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यावर फार रागावले होते."

"मी सरांवर," मी म्हटलं.

*

आणि पेडण्याकडचे ते म्हातारे सुतार. गाव त्यांना मेस्त म्हणे. खुबा मोडलेला, हृदय कमजोर. स्पायनलने प्रेशर एकदम पडायची भीती, म्हणून पाठीत बारीक नळी ठेवून एपिड्यूरल दिलं, थेंब थेंब, तासभर. मुलगा बाहेर रडत होता. आत मी त्यांचं मनगट धरून बसले होते. पडद्यापलीकडे सर हाडात सळी ठोकत होते.

"मेस्त, दुखतंय?"

"दुखणा नाय. गप रव, आयकतंय."

ठक. ठक. ठक. मेस्तांचे डोळे मिटलेले. सरांनी आणखी एका घावासाठी हात उचलला.

"पुरो!" मेस्त ओरडले. "बसलो तो! आणिक एक घातलात तर लाकूड फुटात!"

सरांचा हात वरच राहिला. त्यांनी स्क्रीनवर एक्स-रे पाहिला. पुन्हा पाहिला. हातोडी ट्रेमध्ये ठेवली आणि पडद्यावरून वाकून म्हणाले, "बरं, मेस्त."