उघाडीचं पाणी चाखणारा

बळीराम, आता तू गेल्यावर सांगून उपयोग नाही, तरी सांगते. ती काचेची बाटली तुझ्याविरुद्ध पुरावा गोळा करायला नव्हती. पण त्या साली तुला सगळ्यांचाच संशय. ऐक, तुझीच गोष्ट आहे.

आगाशीच्या खाडीकडच्या बांधात उघाडी होती. भरतीला तिच्या लाकडी झडपा मिटायच्या, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर सोडायच्या. राखणदार बळीराम. उधाणात थोडं खारं पाणी आत झिरपायचंच. म्हणून उधाण सरलं की तो आतलं पाणी ओंजळीत घेऊन चाखायचा. खारट लागलं तर ओहोटीला सोडून द्यायचा. गोड लागलं तर अडसर घालून भातासाठी राखायचा. तीस वर्षं गाव त्याच्या जिभेवर पिकलं.

अठ्ठ्याण्णवच्या भाद्रपदात तो मोठ्या तापातून उठला, पाणी चाखलं. गोड! अडसर घातला. पंधरवड्यात भात पिवळं पडलं.

उघाडीला लागून रामनाथचं शेत. तो म्हणाला, "काका, मासे पकडायला भरतीला झडप उघडी ठेवता वाटतं?"

"तूच मागनं उघडतोस! कोलंबी खाऊन गाल बघ कसे सुटलेत!"

बळीरामने झडपेला दोरा बांधला. तो तुटला नाही, भात मात्र पिवळंच. "परत बांधून जातो, लेकाचा!"

घरी सून विनयावर पाळत. "मीठ कुठं लपवतेस गो?"

कॉलेजात रसायन शिकवणारी मी त्याला ती काचेची बाटली दिली, "पाणी भरून आण, कॉलेजात तपासून घेते," तर म्हणाला, "माझ्या जिभेपरीस बाटली शानी काय, बाई?"

शेवटी विनया वैतागली. पेजेत जाड्या मिठाचे खडे टाकून वाडगा पुढे केला. "प्या, मामा."

तो गटागटा प्यायला. "अळनीच हाय!" म्हणाला, आणि तळाशी न विरघळलेले खडे दिसले. बोटाने एक उचलून जिभेवर ठेवला. बराच वेळ.

त्याच ओहोटीला अडसर निघाला. पाणी गेलं, अर्धं भातही गेलंच. मग तो रामनाथच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला.

"तुला खारट कळतं ना रे?"

"म्हणजे?"

"पुढच्या उधानापास्नं तू चाख. अडसर मी घालीन."

पुढची सात वर्षं दोघांनी तसंच केलं. बाटली मात्र उघाडीजवळच्या खोपटात कोरडीच राहिली, बळीराम. नंतर भरून आणतो म्हणालास, आणलीच नाहीस.