एकुलत्या लेकावरची संक्रांत

अठ्ठ्याऐंशी सालच्या संक्रांतीला अंबरनाथ पूर्वेच्या आमच्या चाळीत अफवा घुसली: यंदाची संक्रांत एकुलत्या मुलावर आलीय, त्याच्या आईनं पाच जणींना हिरव्या बांगड्या भरायच्या. कुणी उठवली देव जाणे. बांगडीवाल्यांची मात्र चंगळ झाली.

नळावरच्या रांगेत गंगू एकटीच म्हणाली, "मी नाय भरणार." तिच्या सासऱ्यानं छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतली तेव्हाच देव्हारा घराबाहेर काढलेला.

"ताई, जयदेव एकच ना तुझा?" शेजारची उमा म्हणाली.

"एकच. म्हणून काय काचेला टांगू त्याला?"

बोलली खरी. पण पोर केमिकल कंपनीत लागल्यापासून बाईचा एक कान कायम भोंग्याकडं असायचा, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं.

संक्रांतीच्या दुपारी भोंगा भलत्याच वेळी वाजला. कंपनीत वायू सुटला म्हणे. गंगू उंबऱ्यातच बसली. काळी साडी नेसलेली उमा सुगडं तशीच टाकून धावत आली. तिच्या हातात बांगड्यांचं पुडकं.

"ताई, हट्ट सोड. मीच आणल्यात. निदान माझ्या हातात तरी भर गं!"

गंगूनं पुडकं घेतलं. मला वाटलं, मोडली बाई. मला रागच आला.

"ह्यानं वायू अडतो का गं?" तिनं पुडकं परत दिलं. "मास्कनं अडतो. तो कंपनीनं दिला नाय. चल गेटावर."

हळदीकुंकवाला निघालेल्या बायका तशाच मागोमाग निघाल्या. गेटावर वॉचमन म्हणाला, "बाई, घर जाओ, त्योहार है."

"त्योहार तेरे घर! मेरा लडका अंदर है."

बऱ्याच वेळानं जयदेव बाहेर आला. तोंडाला रुमाल, डोळे लालभडक, खोकला थांबेना. गंगूनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं आणि गेटाशी आलेल्या कंपनीच्या साहेबावर वळली.

"मास्क कुठाय?"

"रुमाल दिलाय ना," म्हणत साहेबानं गेट लावून घेतलं.

"आई, चल. उद्याची पाळी जाईल माझी."

"जाऊ दे." गंगू गेटासमोर मातीत बसली.

आत आणखी कुणीतरी खोकत होतं. उमा थोडा वेळ ऐकत उभी राहिली. मग नवी कोरी साडी आवरून गंगूच्या शेजारी टेकली.

"माझापण एकच आहे, ताई," ती म्हणाली. "दहावी झाली की इथंच लागणार."