कंट्रोल ग्रुपची मावशी

"हे कसं आहे, सांग बरं," असं म्हणून मी चार वर्षांच्या स्वरासमोर लिंबू ठेवलं. पिंपळवंडीची अंगणवाडी, माझ्या पीएच.डी.च्या चाचणीची शेवटची फेरी. स्वरानं लिंबू उचललं, डोळे घट्ट मिटले आणि हात पाठीमागं नेले.

"गार हाय. गुळगुळीत हाय. टोकाला टोचतंय. आता वास घिऊ?"

मी चाचणीचा कागद बाजूला ठेवला.

का, ते सांगते. बालविकास हा माझा विषय. मंचरच्या एका कॉलेजात शिकवता शिकवता मी डॉक्टरेट करत होते. आयांनी घरी रोज थोडे खेळ घेतले तर लहान मुलांचं बोलणं सुधारतं का, एवढाच प्रश्न. त्यासाठी दोन गावं घेतली. महाळुंगे पडवळमध्ये मी आयांना खेळ शिकवले. पिंपळवंडीत काहीच शिकवायचं नव्हतं, फक्त मुलांची चाचणी घ्यायची. अशा गटाला कंट्रोल ग्रुप म्हणतात. दोन गावांच्या मुलांत जो फरक दिसेल तो खेळांमुळे, असा हिशेब.

त्यातला एक पिशवीचा खेळ. कापडी पिशवीत वस्तू टाकायची, न बघता चाचपायची, ती कशी लागते ते सांगायचं आणि शेवटी वास घ्यायचा. स्वरा अगदी त्याच क्रमानं बोलत होती.

"कुणी शिकवलं गं?"

"मावशीनं."

तिला न्यायला तिची आई सुवर्णा आली. तिला विचारलं तर तिचा चेहरा खुलला.

"माझी बहीण महाळुंग्याला दिलीया न्हवं का. दिवाळीला आली व्हती. तिनं पिशवीत वांगं घालून पोरांना खेळाय लावलं. आता आमची सगळी आळी खेळती." मग माझ्याकडं बघून ती जरा थबकली. "चुकलं का मॅडम काई?"

"नाही हो. छान केलंत," मी म्हटलं. काय म्हणणार?

बाहेर येऊन मी गाईड मॅडमना फोन लावला.

"कंट्रोल ग्रुप गेला, मॅडम."

"त्यांना चाचणी होईपर्यंत थांबायला सांगता येईल?"

"मुलांना खेळू नका म्हणून सांगू?"

मग त्या म्हणाल्या, "नको. ते आपल्याला शोभणार नाही. कंट्रोलला घाटघर घेता? डोंगरातलं गाव आहे."

"पुन्हा पहिल्यापासून वर्ष जाईल. मुदतवाढ एकदा मिळालीय, पुन्हा मिळणार नाही."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "खेळ चांगला म्हणून पसरला, तर तू रडतेस कशाला?" मी त्याच्यावर चिडले. सकाळी मात्र वाटलं, पसरलाय तर कुठंवर, ते तरी बघू.

पिंपळवंडीत घरोघर फिरले. सुवर्णाच्या आळीत खेळ रुजला होता. एका आजोबांनी तर वास बंद करून पिशवी कानाशी हलवायचा नवा नियम काढला होता. "वासानं लगीच वळखत्यात, मजा न्हाई," ते म्हणाले. पलीकडच्या वस्तीवर मात्र कुणाला काही ठाऊक नव्हतं. म्हणजे एकाच गावात खेळणारी आणि न खेळणारी, अशी दोन्ही घरं मिळाली. गाईड मॅडमच्या सल्ल्यानं मी त्यांची तुलना केली, आणि मूळ आराखडा मोडल्याचं प्रबंधात सरळ लिहिलं. खेळणारी मुलं जास्त बोलत होती. माझा दावा आधीपेक्षा लहान झाला, पण खरा राहिला.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "तुमच्या कंट्रोल ग्रुपचं नेमकं काय झालं?"

"सर, त्याची मावशी माहेरी आली."

ते हसले, मग तासभर पिळून काढलं आणि सही केली.

आता माझे विद्यार्थी संशोधनासाठी दोन गावं निवडून आणतात, मध्ये किती किलोमीटर अंतर आहे ते नकाशावर दाखवतात. मी नकाशा बाजूला ठेवते आणि या गावातल्या मुली कुठं कुठं दिल्यात, ते आधी विचारून यायला सांगते.