उसाच्या लेकरांची अंजलीआई

अंजलीआई प्रार्थना करताना डोळे मिटत नसे. आम्ही सगळ्या पोरी सतरंजीवर मांडी घालून, हात जोडून, डोळे गच्च मिटून बसायचो. पण कुणी पापणी किलकिली करून पाहिलं, की तिचे राखाडी-निळे डोळे एकेकीच्या तोंडावरून फिरताना दिसायचे. एकदा बाहेरगावाहून आलेल्या एका पास्टरांना ते खटकलं. देवापुढं डोळे झाकावेत, असं त्यांनी तिला आमच्यादेखत सुचवलं. ती म्हणाली, "झाकले तर लेकरं दिसत न्हाईत. देवानं माझ्याकडं बघावं, मी ह्यांच्याकडं बघते."

तिचं खरं नाव अन्नेली. फिनलंडची. तरुणपणी नर्स म्हणून इकडं आली आणि पूर्णा-ताडकळस रस्त्यावरच्या, मिशननं मुलींसाठी चालवलेल्या पत्र्याच्या होममध्ये राहिली ती राहिलीच. अन्नेली कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून गावानं तिची अंजली केली आणि आम्ही अंजलीआई. होममध्ये अनाथ पोरी थोड्याच होत्या. बाकी आम्ही सगळ्या आईबाप असलेल्या, पण ते दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले की उन्हाळ्यापर्यंत नसलेल्या. कुणाचे सांगलीकडं, कुणाचे कर्नाटकात. सोबत गेलो असतो, तर उसाच्या फडात धाकटी भावंडं सांभाळत शाळा बुडाली असती. माझ्या थोरल्या बहिणीची तशीच बुडाली होती.

मला दादांनी आणून सोडलं ते चांगलं आठवतं. दादा म्हणजे माझे वडील. ते दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "मड्डम, आमी बौद्ध हाव. एक देवघर सोडून आलोय, दुसऱ्यात जायचं न्हाई. लेकरू ठेवतो, पण तिला तुमच्या देवाला वाहायचं न्हाई." अंजलीआई पायरीवर बसली आणि माझ्या पायातल्या फाटक्या चपलेचा बंद बघू लागली. बघता बघताच बोलली, "मला लेकरू सांभाळायचंय. देवाचं देव बघंल." दादांनी माझ्या पेटीत बुद्धाची तसबीर घातली होती. ती तिनंच खिळा ठोकून माझ्या गादीच्या वर भिंतीला लावली. शेजारच्या पोरीच्या गादीवर तुळजाभवानी होती. नाताळला ती दोन्ही तसबिरी पुसून घ्यायची आणि म्हणायची, "सणाला घर स्वच्छ पाहिजे, पाहुण्यांचं पण."

तिची मराठी स्वयंपाकाच्या शांताबाईंकडून शिकलेली. त्यामुळं ती अस्सल आमच्याकडची, आणि शिव्यांसकट. "काय करायलीस गं तिकडं, सटवे?" असं ती अंगणातून ओरडली की नवा पाहुणा दचकायचा. भाकरी मात्र तिला शेवटपर्यंत जमली नाही. थापताना कडेला फाटायचीच. ती आपल्या ताटात तेवढी फाटकी भाकर घ्यायची. रविवारी उपासना झाली की अंगणात पोरींची रांग लागायची आणि ती फणी घेऊन बसायची. एकेकीचं डोकं मांडीवर घेऊन उवा मारता मारता घरचं सगळं काढून घ्यायची. बाप दारू पितो का, आई पुन्हा पोटुशी आहे का, बहिणीला मागणं आलं का. शांताबाई म्हणायच्या, "मड्डमचं खरं चर्च ह्या फणीत हाय."

संध्याकाळी जेवणाआधी प्रत्येकीनं देवाला एक गोष्ट सांगायची, अशी रीत होती. जिला तिला आपापल्या देवाला सांगायची मुभा. एकदा आमच्यातल्या छायानं डोळे मिटून मोठ्यांदा सांगितलं, "आमच्या मुकादमाला खरूज होऊ दे." सगळ्यांनी जोरात आमेन म्हटलं. अंजलीआईनं कपाळाला आठ्या घातल्या. "ह्याला आमेन म्हणायचं नसतंय," ती म्हणाली, आणि मग तिलाच हसू आवरेना, पदरात तोंड घालून बसली.

ज्या थंडीत असं हसलो, त्याच थंडीत रेश्मा गेली.

रेश्मा आमच्यातली सगळ्यात लहान, ताडकळसच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. एक दिवस शाळेतून आली ती तापानं फणफणलेली. पूर्णेच्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण ताप मेंदूत गेला आणि तिला नांदेडला हलवावं लागलं. अंजलीआई तिच्या उशाशीच होती. उपाय सगळे झाले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा संपली.

तिचे आईबाप कर्नाटकात. बापाचा फोन बंद, मुकादम उचलेना. गावातली चार जाणती माणसं होममध्ये आली आणि म्हणाली, लेकराचं मढं असं ठेवू नये, उरकून घ्या. अंजलीआईनं नकार दिला. "आईनं बघितल्याशिवाय मी मातीत घालणार न्हाई." बर्फाच्या लाद्या मागवून, भुशात घालून तिनं रेश्माला प्रार्थनेच्या खोलीत ठेवलं. आम्हाला तिकडं जाऊ दिलं नाही. खिडकीतून दिसायचं ते एवढंच, की बर्फाचं पाणी दाराखालून बाहेर येतंय आणि ती उकिडवी बसून फडक्यानं टिपतेय.

निरोप कसाबसा फडावर पोचला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रेश्माचे आईबाप आले. उसाच्या पाल्यानं चिरलेले हात तसेच, अंगावर फडातलेच कपडे. रेश्माची आई आधी रडली नाही. तिनं विचारलं, "शेवटाला काय खाल्लं माझ्या लेकरानं?"

अंजलीआई म्हणाली, "गूळ-भाकर मागत होती. डॉक्टर नको म्हणाले. मी दिली न्हाई."

मग त्या बाईनं तिच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. शांताबाई सोडवायला धावल्या, तर अंजलीआईनंच हातानं त्यांना थांबवलं. मारून मारून बाई खाली बसली, तेव्हा ती पण तिच्याजवळ खाली बसली.

बापानं हात जोडले. "मड्डम, हिच्यावर तुमचं काई म्हणू नका. आमच्या रीतीनं जाऊ द्या."

"न्हाई म्हणणार," ती म्हणाली.

ओढ्याच्या काठाला रेश्माला पुरलं तेव्हा अंजलीआई बाभळीखाली लांब उभी होती. सगळ्यांची माती घालून झाल्यावर तिनं मूठभर घातली आणि परत फिरली. पुढं कधीतरी मी तिला विचारलं, की मनातल्या मनात तरी प्रार्थना केली असशील ना? ती म्हणाली, "न्हाई. शब्द दिला होता. तोंड दाबून धरता येतंय, मन न्हाई येत. मी त्या दिवशी उभ्या-उभ्या पाढे म्हणले."

त्यानंतर प्रार्थनेला ती डोळे मिटून बसू लागली. आम्हाला त्याची भीती वाटायची. मोठ्यांदा ती काही बोलायची नाही. आम्हीच आपापलं सांगून उठायचो. एकदा छायानं धीर करून विचारलं, "येशूनं रेश्माला का न्हाई वाचिवलं?"

"मी रोज इचारायलेय," अंजलीआई म्हणाली. "तो बोलत न्हाई."

"मग कशाला इचारतीस?"

"दुसऱ्या कुणाला इचारू, सांग."

तिच्या श्रद्धेबद्दल मला यापेक्षा जास्त काही कळलेलं नाही. मी ख्रिस्ती झाले नाही, तिनं कधी सुचवलंही नाही. आज मी सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. एखादं मूल हातचं जातं तेव्हा उत्तर नसलेला प्रश्न घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला कसं यायचं, ते मला तिच्यामुळं येतं.

रेश्माच्या मरणाची बातमी वस्त्यावस्त्यांवर फिरली आणि फिरता फिरता बदलली. कुणी म्हणालं, पोरीला बाटवायला नेलं होतं. कुणी म्हणालं, बर्फात ठेवून काहीतरी केलं. तक्रार गेली. चौकशीला माणसं आली, त्यांनी गाद्यांवरच्या तसबिरी पाहिल्या, पोरींना विचारलं, चहा घेतला. वावगं त्यांना काही सापडलं नाही, पण तसं सांगायलाही कुणी पुढं आलं नाही. रेश्माचा बाप मात्र आपण होऊन चावडीवर गेला होता. "मड्डमनं शब्द पाळला," एवढंच तो सांगत राहिला. त्याचं कोण ऐकणार! पुढच्या वर्षी अंजलीआईला इथं राहायची परवानगी वाढवून मिळाली नाही. कारण काय, ते कुणी सांगितलं नाही.

होम बंद करायची वेळ आली ती नेमकी ऊसतोडीच्या भर हंगामात. मोठ्या पोरींना तिनं हिंडून हिंडून सरकारी वसतिगृहांत जागा मिळवल्या, मला परभणीला. धाकट्यांना घ्यायला आजे, चुलते, मामा आले. ज्यांचं कुणी आलं नाही त्यांना फडावर आईबापांकडं पोचवायला ती स्वतः गेली. छाया त्यात होती. परत आल्यावर शांताबाईंनी विचारलं, कशा हायत पोरी? ती म्हणाली, "छायाच्या हातात कोयता दिला गं त्यांनी. माझ्यासमोर." दुसऱ्या हंगामाआधी छायाचं लग्नही उरकलं. तेव्हा ती चौदाचीही नव्हती.

जायच्या दिवशी अंजलीआईनं निळी सुती साडी नेसली होती. मी वसतिगृहातून आले होते. तिनं माझं डोकं धरलं, सवयीनं केस बाजूला सारून पाहिले आणि म्हणाली, "स्वच्छ हाय." मग जीपमध्ये बसली. मागं वळून बघितलं नाही. काचेतून तिच्या अंबाड्याचा पांढरा गोळा तेवढा वळणापर्यंत दिसला.

सुरुवातीला ती फोन करायची. बर्फ फार आहे, इथले लोक हळू बोलतात, ज्वारीचं पीठ मिळत नाही, असलं काहीबाही सांगायची आणि एकेकीची चौकशी करायची. छायाच्या लग्नाचं सांगितलं तेव्हा तिनं फोन ठेवून दिला. हळूहळू तिला नावं आठवेनाशी झाली. मग फोन येणं थांबलं.

गेल्या हिवाळ्यात, दुपारी वॉर्डात असताना परदेशातून व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर अनोळखी बाई होती, अंजलीआईची भाची. इंग्रजीत म्हणाली, मावशीच्या मोबाइलमध्ये तुमचं नाव सापडलं. ती आता आमची भाषा बोलत नाही. काहीतरी सारखं म्हणते, रडते, आणि इथं कुणालाच कळत नाही. तुम्हाला कळेल का?

तिनं फोन फिरवला. पांढऱ्या उशीवर एवढंसं तोंड. मी जिन्यात जाऊन हाक मारली, "अंजलीआई, मी सविता."

मी कोण ते तिला समजलं नाही, पण बोलणं समजलं. तिचा चेहरा एकदम सैल झाला. "बरं झालं, आलीस," ती म्हणाली. "ह्या बायांना काईच कळंना. कवाची इचारायलेय, गाडी पूर्णेला थांबती का न्हाई. मला घरी जायचंय."

भाचीनं विचारलं, काय म्हणते?

मी म्हणाले, घरी जायचंय म्हणते.

भाचीनं तिच्या केसांवरून हात फिरवला. तिचेही डोळे भरले होते. "तिला सांगा," ती मला म्हणाली, "की ती घरीच आहे."

मी फोन तोंडाजवळ घेतला. मग म्हणाले, "थांबती अंजलीआई. समद्या गाड्या थांबतात पूर्णेला. तू नीज. मी येते टेशनावर तुला घ्यायला."

"लवकर ये," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

भाचीनं विचारलं, "सांगितलंत?"

मी म्हणाले, "सांगितलं."