गोठ्याजवळच्या झाडाचं बी

अकोल्याच्या शेती संशोधन संस्थेत भाजीपाल्याचे वाण निवडण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. वांगं हे माझं पीक. मोर्शीकडे गावी माझी मोठी बहीण वांगीच लावते, पण त्याबद्दल तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं. मागच्या हंगामात पहिल्यांदा विचारलं.

तिच्या वावरात एक झाड असं लागलं होतं, की गावातल्या बाया पाहायला येत. वांग्यांच्या भारानं फांद्या मातीला टेकलेल्या. ताईनं त्यातल्या दोन वांग्यांना लाल चिंधी बांधली होती. बियाचं फळ आमच्याकडे असंच राखतात. चिंधी दिसली की कोणी तोडत नाही, झाडावरच पिवळं पडू देतात.

"पाह्य भाऊ," ती म्हणाली, "औंदा याचंच बी धराचं. बाकीचं घ्याचंच नाई. बरोबर हाय ना?"

झाड गोठ्याला लागून होतं. म्हशीच्या टाक्यातलं सांडलेलं पाणी तिथूनच वाहायचं, शेणाचा ढीग बाजूलाच. पाहताक्षणी कळलं, ही करामत जागेची आहे, बियाची नाही. हेच तर मी पोरांना शिकवतो. वांग्याचा रंग, आकार, देठाचे काटे हे पुढच्या पिढीत बऱ्यापैकी उतरतं. एका झाडाला माल किती लागला, ते फार कमी उतरतं. त्यात पाण्याचा, खताचा, उन्हाचा वाटा असतो. म्हणून एकाच झाडावर भाळायचं नसतं. आणि बाकीच्या झाडांना तुरळक असलेले काटे या झाडाच्या देठांवर भरपूर होते.

झाड पाहायला बाया जमल्या होत्या. त्यातली शेजारीण म्हणाली, "साहेब भाऊ असल्यावर मजा हाय बाई तुमची. आमच्या भावाले वांगं फक्त खाता येते."

सगळ्या हसल्या. ताई माझ्याकडे पाहत होती.

"धर," मी म्हणालो.

तिचं मन मोडवेना म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी निवडलेला एक वाण अकोल्याच्या प्लॉटवर उठून दिसला होता आणि अमरावतीकडे लावला तर अगदी साधा निघाला. मीही भारी जमिनीच्या एका कोपऱ्यावर भाळलो होतो. ताईला समजवायला बसलो असतो, तर हेही सांगावं लागलं असतं.

यंदा अख्खं वावर त्या बियाचं. माल नेहमीसारखाच, उलट थोडा कमीच. काटे मात्र देठादेठावर. तोडायला आलेल्या बाया बोटं चोखत बांधावर बसल्या. "वांगे हायत का बाभूळ?" एकीनं विचारलं. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही. मी गेलो तेव्हा ताई एकटीच तोडत होती.

"माह्यंच चुकलं असन," ती म्हणाली. "बी उन्हात नीट वायलं नसन."

ते ऐकून मात्र राहवलं नाही. सगळं सांगितलं, गोठ्याचं, काट्यांचं, माझ्या वाणाचं. ती तोडतच होती.

"मंग तवाच काहून नाई बोलला?"

"लाज वाटली."

"माही?"

"नाही. माहीच मले."

मग मी तिला जुन्या बियाचं विचारलं. ते उरलेलंच नव्हतं. मागच्या हंगामात बाकीच्या झाडांची वांगी तिनं बाजारात घातली होती. गावात सगळे आता पाकिटातलं बी आणतात. आमच्या संस्थेत गावोगावचं बी थंड खोलीत जपून ठेवलंय. आमच्या घरचं ठेवायचं मला कधी सुचलं नाही.

मी ओळींमधून फिरून आलो. कमी काट्यांचं एखादं दिसतं का म्हणून झाडामागून झाड पाहिलं.

"यातून बिनकाट्याचं निंगन का?"

"एखादं निंगन. नाहीतर नाही."

"आन् माल?"

"मले सांगता येत नाही, ताई."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

तिनं टोपलं पुढं सरकवलं आणि पुढचं झाड धरलं.