सर्व्हर ड्रॉइंग ऑफिसात आणला तेव्हा

सिस्टिम टाकणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे इन्स्टॉलरला, डिस्कच दिसत नव्हती. सर्व्हरमध्ये आठ डिस्क होत्या, मी स्वतः बसवलेल्या. आणि शनिवारी लोणंदहून भंगारवाल्याची गाडी येणार होती.

आष्ट्याजवळच्या साखर कारखान्यात मी बावीस वर्षं कॉम्प्युटरची खोली सांभाळली. शेवटची अकरा वर्षं या सर्व्हरबरोबर. मग सगळं काम क्लाउडवर गेलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर. माझी खोली स्टोअरला मिळाली आणि मला ड्रॉइंग ऑफिसात टेबल मिळालं. त्या खोलीची इतकी आठवण यायची की मी जेवणाच्या सुट्टीत स्टोअरपर्यंत चक्कर मारून यायचो.

सर्व्हर तरी जाऊ नये म्हणून मी एमडी साहेबांना कारण दिलं. ड्रॉइंग करणाऱ्या सुरेखाताईंचा पीसी फार हळू चालतो, सर्व्हर त्यांना द्यावा.

"शनिवारपर्यंत चालवून दाखवा, नाहीतर गाडीत भरा," साहेब म्हणाले. "आणि पाटील, हळू बोला. मी समोरच बसलोय."

सर्व्हरच्या पंख्यांशेजारी बोलून बोलून माझा आवाज चढाच राहिलाय. घरी बायको विचारते, मी काय रानाच्या पल्याड उभी हाय का?

एरवी आम्ही सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन करतो, म्हणजे त्याच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर. पण ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला ग्राफिक्स कार्ड थेट हाताशी लागतं. म्हणून पीसीवरची सिस्टिम सरळ सर्व्हरवरच टाकायची ठरवली. या डिस्क एका कंट्रोलर कार्डाच्या मागे असतात. त्या कार्डाशी बोलणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, साध्या सिस्टिमसाठी कुणी बनवलेलाच नव्हता, म्हणून डिस्क दिसत नव्हत्या. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी सर्व्हरच्या सिस्टिमचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून हातानं दिला, आणि तो चालला. गुरुवारी दुपारी स्क्रीनवर साधा डेस्कटॉप आला. मी एकटाच हसत बसलो.

मग ग्राफिक्स कार्ड बसवलं. बॉयलर हाउसचं अख्खं ड्रॉइंग चुटकीसरशी उघडलं. पण सर्व्हरचे पंखेही सुसाट सुटले. अनोळखी कार्ड दिसलं की असा सर्व्हर ते तापणार असं धरून चालतो आणि पंखे पूर्ण वेगानं फिरवतो. सगळी सेटिंग्ज पाहिली. या मॉडेलमध्ये ते कमी करायची सोयच नव्हती.

मला काही त्रास नव्हता. खरं सांगायचं तर कित्येक महिन्यांनी मला बरं वाटत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी सुरेखाताईंनी कानातला कापूस काढला. "आवं साहेब, मशीन लय गुणाचं हाय. पण माजं डोकं उठलंय. ह्ये माणसांत ठिवायचं न्हाई ओ."

मी साहेबांना जाऊन सांगितलं की चालला, पण न्या.

शनिवारी गाडी भरली. ग्राफिक्स कार्ड तेवढं मी काढून सुरेखाताईंच्या जुन्या पीसीत बसवलं. त्यावर ड्रॉइंग जवळपास तितक्याच लवकर उघडतं. एवढ्यानं भागेल हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

धडा म्हणाल तर एवढाच, की बंद खोलीसाठी घडवलेलं मशीन माणसांत आणून बसवू नये.

दुपारी ऑफिस अगदी शांत होतं. आता बरं वाटतंय ना, असं मी सुरेखाताईंना विचारलं.

"वाटतंय की," त्या म्हणाल्या. "पर साहेब, जरा हळू बोला."